पराभवाचा धनी

एखादा संघ लागोपाठ हरूं लागला म्हणजे त्याच्या चाहत्यांत एकच वाद सुरू होतो: नायक ठेवावा कीं बदलावा? इंग्लंडांत हा वाद फुटबॉल-क्लबाच्या व्यवस्थापकाविषयीं होतो. संघ निवडणें, डाव आंखणें, नवे खेळाडू मिळविणें या कामांचा भार तेथें बहुधा त्याच्या शिरावर असतो. म्हणून चार शनिवार वाईट गेले कीं लोक त्याच्याच नांवानें ओरड करूं लागतात. महाराष्ट्रांत फुटबॉलचें खरें वेड कोल्हापूरसारख्या शहरांत दिसतें; बाकी प्रांताचा जीव क्रिकेटांत गुंतलेला आहे. त्यामुळें तिकडे फुटबॉलच्या व्यवस्थापकाला मिळणारा मान आणि त्याला खावा लागणारा मार, हे दोन्ही इकडे क्रिकेटच्या कर्णधाराच्या वांट्याला आले. या दोहोंचा अनुभव अजित वाडेकर यांना जितका थोड्या काळांत आला, तितका फारच थोड्यांना आला असेल. १९७१ सालीं मुंबईनें त्यांची मिरवणूक काढली. १९७४ सालीं त्यांच्या घरावर दगड पडले. मधें अवघीं तीन वर्षें गेलीं होतीं.

मुंबईच्या मैदानाला असा वाद नवा नव्हता. हिंदुस्थानचा संघ कसोटी सामने खेळूं लागण्यापूर्वींच, चौरंगी सामन्यांच्या दिवसांत, हिंदु संघाचा कर्णधार कोण असावा यावर मोठी खडाजंगी झाली होती. पाळवणकर बाळू हे त्या काळचे अग्रगण्य डावखुरे गोलंदाज; परंतु अस्पृश्य मानलेल्या चर्मकार समाजांत जन्मल्यामुळें संघाचें नेतृत्व त्यांना रीतसर कधींच मिळालें नाहीं. १९२० सालीं ठरलेले कर्णधार पै आजारी पडले, तेव्हां निवड करणारांनीं बाळूंना वगळलें व नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे दिलें. बाळूंचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं निषेध म्हणून संघांतून अंग काढून घेतलें, आणि वाद मैदानावरून वर्तमानपत्रांत गेला. पुढें १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले, हिंदूंनीं यूरोपियनांस हरविलें, आणि ज्यांच्या पंक्तीला त्यांना बसतां आलें नसतें त्यांनींच त्यांना खांद्यावर उचलून घेतलें. कर्णधार म्हणजे केवळ क्षेत्ररक्षण लावणारा गडी नव्हे, तर आपल्या मानाचा झेंडा आहे, अशी लोकांची भावना त्या काळापासून घट्ट झाली. झेंडा विजयाच्या दिवशीं मिरविला जातो आणि पराभवाच्या दिवशीं सर्वांच्या आधीं तोच खालीं ओढला जातो.

कर्णधार बदलणें हेंच पराभवावरचें औषध मानलें तर काय होतें, याचा प्रयोग १९५८-५९ सालीं होऊन गेला. वेस्ट इंडीजचा संघ येथें आला असतां पहिल्या कसोटींत पॉली उम्रीगर कर्णधार होते. दुसऱ्या व तिसऱ्या कसोटींत गुलाम अहमद आले. कलकत्त्याचा सामना एक डाव व ३३६ धांवांनीं गमावल्यावर त्यांनीं निवृत्ति पत्करली. मद्रासच्या कसोटीसाठीं पुन्हां उम्रीगर यांचें नांव ठरलें. पण संघाच्या निवडीवरून मतभेद होऊन त्यांनीं सामन्याच्या आदल्या दिवशीं पद सोडलें आणि विनू मंकड यांच्यावर ती जबाबदारी पडली. दिल्लीच्या शेवटच्या कसोटींत लष्करांतले हेमू अधिकारी कर्णधार झाले. पाठोपाठ १९५९ च्या उन्हाळ्यांत दत्ताजीराव गायकवाड संघ घेऊन इंग्लंडला गेले. तेथें एका कसोटींत त्यांच्या जागीं पंकज रॉय यांना उभें राहावें लागलें. दोन मालिका, दहा सामने, सहा कर्णधार. त्यांत आठ पराभव, दोन अनिर्णित, आणि विजय एकहि नाहीं. औषध इतक्या वेळां बदललें कीं रोग कोणता हें पाहण्यास कोणाला सवडच राहिली नाहीं.

त्यानंतर १९६२ सालीं मन्सूर अली खान पतौडी कर्णधार झाले आणि कांहीं काळ स्थैर्य आलें. १९६८ सालीं न्यूझीलंडमध्यें त्यांच्या संघानें परदेशांतील पहिली मालिका जिंकली. परंतु १९६९-७० सालीं ऑस्ट्रेलियानें येथें येऊन ३-१ असा विजय मिळविला आणि पुन्हां तोच प्रश्न निघाला. जानेवारी १९७१ मध्यें विजय मर्चंट यांच्या अध्यक्षतेखालील निवड-समितीनें वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठीं पतौडींच्या जागीं वाडेकरांना निवडलें. मतें समसमान पडून अध्यक्षांच्या निर्णायक मतानें हा निकाल लागला, अशी आख्यायिका रूढ आहे. वाडेकर तेव्हां एकोणतीस वर्षांचे होते. रुइया कॉलेजचे विद्यार्थी, स्टेट बँकेंतले अधिकारी, मितभाषी स्वभावाचे. नबाबाच्या जागीं बँकेंतला माणूस आला, या घटनेंत मध्यमवर्गीय मुंबईला स्वतःचाच गौरव वाटला असल्यास नवल नाहीं.

पुढें जें घडलें तें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. किंग्स्टनला पहिला दिवस पावसांत गेल्यामुळें फॉलो-ऑनसाठीं लागणारी आघाडी कमी झाली होती. हा नियम ध्यानांत ठेवून वाडेकरांनीं सोबर्स यांच्या संघाला लगेच पुन्हां फलंदाजीला धाडलें. पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकून त्यांनीं मालिका १-० अशी जिंकली. नवख्या सुनील गावसकरांनीं त्या मालिकेंत ७७४ धांवा केल्या, तर मडगांवांत जन्मलेल्या दिलीप सरदेसायांनीं ६४२. त्याच वर्षीं इंग्लंडांत, ओव्हलच्या मैदानावर, चंद्रशेखर यांनीं ३८ धांवांत ६ गडी बाद केले. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धांवांत आटोपला. २४ ऑगस्टला हिंदुस्थाननें चार गडी राखून तो सामना आणि त्याबरोबर मालिका जिंकली. त्या दिवशीं गणेशचतुर्थी होती, आणि प्राणिसंग्रहालयांतून आणलेली बेला नांवाची हत्तीण मैदानावर फिरविण्यांत आली होती. घरोघर रेडियोभोवतीं जमलेल्या कुटुंबांना गणपति आणि विजय एकाच दिवशीं आल्यासारखे वाटले. संघ परतल्यावर मुंबईच्या रस्त्यांवर लोटलेला जनसमुदाय हा त्याच आनंदाचा पूर होता. इंदूरच्या रसिकांनीं तर खेळाडूंचीं नांवें कोरलेली कॉंक्रीटची प्रचंड बॅट उभारली आणि तिला ‘विजय बल्ला’ असें नांव दिलें.

त्या आनंदांत एक बाब सोयीस्करपणें विसरली गेली. ओव्हलच्या आधीं मँचेस्टरला ४२० धांवांचें लक्ष्य समोर होतें, तीन गडी बाद झाले होते, धांवा ६५ झाल्या होत्या. आणि शेवटच्या दिवशीं दिवसभर पाऊस पडला म्हणून तो सामना वांचला. यश ज्याच्या पदरीं पडतें त्याच्या खात्यावर दैवाचें देणेंहि जमा केलें जातें. तें देणें पुढें वसूल झालें, तेव्हां मात्र तें एकट्या कर्णधाराकडून वसूल करण्यांत आलें.

१९७२-७३ सालीं टोनी लुइस यांचा इंग्लंडचा संघ येथें आला. दिल्लीची पहिली कसोटी हरूनहि वाडेकरांच्या संघानें कलकत्ता व मद्रास येथें विजय मिळविले आणि ओळीनें तिसरी मालिका जिंकली. त्या मालिकेंत पदच्युत पतौडी वाडेकरांच्या हाताखालीं खेळले, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कर्णधारपद गेलें म्हणून पतौडींतला फलंदाज निरुपयोगी ठरविला गेला नव्हता.

मग ओहोटी लागली. १९५८-५९ पासून लागोपाठ पंधरा वर्षें रणजी करंडक मुंबईकडे होता. १९७४ च्या वसंतांत बंगलोरला उपांत्य सामन्यांत कर्नाटकानें ती परंपरा तोडली. मुंबईचे कर्णधार वाडेकरच होते. लगेच ते हिंदुस्थानचा संघ घेऊन इंग्लंडला गेले. ओल्ड ट्रॅफर्डला ११३ धांवांनीं हार झाली. लॉर्ड्सवर इंग्लंडनें ६२९ धांवा केल्या. बिशनसिंग बेदींना सहा गडी मिळविण्यासाठीं २२६ धांवा मोजाव्या लागल्या. हिंदुस्थाननें पहिल्या डावांत ३०२ धांवा केल्या, आणि २४ जूनला दुसरा डाव सतरा षटकांत ४२ धांवांवर संपला. त्यांतल्या नाबाद १८ एकट्या एकनाथ सोलकरांच्या होत्या. एजबॅस्टनला इंग्लंडचे दोनच गडी बाद करतां आले आणि एक डाव व ७८ धांवांनीं पराभव पदरीं आला. संघांत बेबनाव असल्याच्या वार्ता येत होत्या, आणि स्वतः वाडेकरांना तीन कसोट्यांत एकहि अर्धशतक करतां आलें नव्हतें.

आतां शिवाजी पार्कच्या कट्ट्यापासून लोकलच्या डब्यापर्यंत एकच विषय उरला. कर्णधार गेलाच पाहिजे म्हणणारांची बाजू पोकळ नव्हती. नायकाला विजयाचे हार घालतां, तर पराभवाचा जाबहि त्यालाच विचारला पाहिजे, हा त्यांचा पहिला मुद्दा. संघ एकदिल ठेवणें हें नायकाचें मुख्य काम, आणि तेंच साधलें नाहीं, हा दुसरा. शिवाय ज्याची स्वतःची बॅट चालत नाहीं त्याच्या शब्दाला वजन कोठून येणार? उलट बाजूचे लोक म्हणत कीं, ज्यानें तीन मालिका जिंकून दिल्या त्याला एका मालिकेवरून दूर करणें ही कृतघ्नता होय. आणि नवा कर्णधार आला तरी फलंदाज व गोलंदाज तेच राहणार.

शांतपणें पाहतां, त्या पराभवाचीं मोठीं कारणें नायकाच्या हातांबाहेरचीं होतीं. १९७१ सालीं इंग्लंडांतील कसोट्या जुलै-ऑगस्टमध्यें झाल्या. ओव्हलची खेळपट्टी फिरकीला अनुकूल होती. १९७४ सालीं पहिली कसोटी ६ जूनला सुरू झाली. इंग्लंडचा जून महिना गारठ्याचा, ओलसर हवेचा. तेथें चेंडू हवेंत वळतो व टप्पा पडल्यावर बाजूला जातो. ओल्ड आणि अर्नोल्ड यांना हवामान व खेळपट्टी दोन्हीं हात देत होतीं. हिंदुस्थानाकडे त्या हवेचा लाभ उठविणारा खरा जलद गोलंदाज एकहि नव्हता. चेंडूची लकाकी घालवून फिरकीकडे वळणें हीच जुनी रीत. शिवाय चंद्रशेखर जायबंदी झाल्यामुळें लॉर्ड्सच्या दुसऱ्या डावांत फलंदाजीसहि आले नाहींत. देशांत जलद गोलंदाज तयार होत नाहींत, आपल्या मैदानांवर तशा खेळपट्ट्या नाहींत, दौऱ्याचा काळ दुसरेच कोणी ठरवितात. या तिन्ही गोष्टींचा जाब विचारण्यास लोकांसमोर माणूस नव्हता. कर्णधाराला मात्र नांव होतें, चेहरा होता आणि मुंबईंत घर होतें.

त्यामुळें शिक्षा त्यालाच झाली. घरावर दगडफेक झाल्याचें नमूद आहे. इंदूरला लोकांनीं हौसेनें उभारलेल्या त्या विजय-बल्ल्याला डांबर फांसण्यांत आलें. परंतु जमावाच्या दगडांहून अधिक परिणामकारक घाव कागदावर झाला. दुलीप करंडकासाठीं पश्चिम विभागाचा संघ निवडतांना वाडेकरांना त्यांतूनच वगळण्यांत आलें. विभागाच्या संघांतहि ज्याला जागा नाहीं, त्याच्या नेतृत्वाची चर्चा आपोआप मिटली. वाडेकरांनीं निवृत्ति जाहीर केली. तेहतिसाव्या वर्षीं, ३७ कसोटींत २११३ धांवा करून, त्यांचा खेळ संपला. कर्णधार म्हणून सोळा सामन्यांत त्यांचे विजय चार, पराभव चार आणि अनिर्णित आठ. चारांपैकीं तीन पराभव त्या एकाच उन्हाळ्यांतले.

यानंतर संघ सुधारला काय? दोन्ही पक्षांना आपापला पुरावा सांपडेल असेंच उत्तर मिळालें. १९७४-७५ सालीं क्लाइव्ह लॉइड यांचा वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हां नेतृत्व पुन्हां पतौडींना मिळालें. पहिल्या कसोटींत त्यांना दुखापत झाली. दुसऱ्या कसोटींत वेंकटराघवन कर्णधार झाले, आणि तिसऱ्या कसोटींत तेच वेंकटराघवन बारावे गडी म्हणून बाहेर बसले. पहिल्या दोन कसोट्या गेल्या. नंतर कलकत्ता व मद्रास येथें पतौडींच्या संघानें झुंज देऊन विजय मिळविले. आणि मुंबईंत, नव्या वानखेडे स्टेडियमवरील पहिल्याच कसोटींत, पराभव होऊन मालिका ३-२ अशी हातची गेली. नव्या नायकानें धीर दिला, हें खरें. जलद गोलंदाजीची उणीव त्याच्यानेंहि भरून निघाली नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

तेव्हां वाडेकरांचें कर्णधारपद काढून घेणें चूक होतें कीं बरोबर, याहून एक मोठा प्रश्न या इतिहासांतून पुढें येतो. पद काढून घेणें ही एक गोष्ट, आणि माणूस टाकून देणें ही दुसरी. १९७१ सालीं पतौडींच्या बाबतींत पहिली गोष्ट घडली. ते पुन्हां खेळले आणि प्रसंग आला तेव्हां पुन्हां नायकहि झाले. १९५९ सालीं एका सामन्यापुरते कर्णधार झालेले हेमू अधिकारी बारा वर्षांनीं व्यवस्थापक म्हणून वाडेकरांच्या पाठीशीं उभे होते. ओव्हलच्या विजयांत त्यांचाहि वांटा होता. वाडेकरांच्या बाबतींत मात्र लोकांनीं पद मागितलें आणि समितीनें पदाबरोबर खेळाडूहि देऊन टाकला.

अकोले तालुक्यांत, सह्याद्रीच्या कुशींत, भंडारदऱ्याचें धरण आहे. १९२६ सालीं तें पुरें झालें. पावसाळ्यांत प्रवरा बेफाम होते आणि उन्हाळ्यांत रोडावते. धरण पाण्याचा जोर नाकारीत नाहीं. तें त्याला अडवितें, मोजतें, आणि गरजेप्रमाणें सोडतें. तेंच पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत शिरून संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांना पोंचतें. लोकांचा राग हाहि असाच एक जोर आहे. ज्या खेळावर लोक रागावत नाहींत त्या खेळावर त्यांचें प्रेमहि नसतें. तो राग अडवून, त्यांतला न्याय्य भाग निवडून, योग्य जागीं पोंचविणें हें निवड-समितीचें काम आहे. १९५८-५९ सालीं आणि पुन्हां १९७४ सालीं, जें धरण व्हावयाचें तें स्वतःच लोंढ्याबरोबर वाहत गेलें.

वाडेकरांना स्वतःला हा धडा पुरता कळला होता, असें त्यांच्या उत्तरायुष्यावरून दिसतें. १९९० नंतरच्या दशकांत ते हिंदुस्थानच्या संघाचे व्यवस्थापक झाले. दक्षिण आफ्रिकेंतील पराभवानंतर मोहम्मद अझरुद्दीन यांना कर्णधारपदावर ठेवावें कीं नाहीं, याची देशभर चर्चा चालली होती. अझरुद्दीन राहिले, १९९३ सालीं कलकत्त्याला त्यांनीं १८२ धांवा केल्या, आणि इंग्लंडवर ३-० असा विजय मिळाला. लोकांच्या क्षोभांत एकदां स्वतः वाहून गेलेला माणूस त्या वेळीं कर्णधाराच्या पाठीशीं उभा होता. १५ ऑगस्ट २०१८ रोजीं वाडेकर निवर्तले.

लॉर्ड्सवरचा ४२ चा नीचांक शेहेचाळीस वर्षें टिकला. १९ डिसेंबर २०२० रोजीं अ‍ॅडलेडला हिंदुस्थानचा डाव ३६ धांवांवर संपला. कर्णधार विराट कोहली ठरलेल्या रजेवर मायदेशीं परतले, आणि नेतृत्व प्रवरेच्याच खोऱ्यांतील, संगमनेर तालुक्यांतल्या आश्वी खुर्द येथें जन्मलेल्या अजिंक्य रहाणे यांच्याकडे आलें. संघांत चार बदल झाले. परंतु त्या ३६ धांवांचा धनी म्हणून कोणा एकाला उभें करण्यांत आलें नाहीं, प्रशिक्षक रवि शास्त्री आपल्या जागीं राहिले. दहा दिवसांनीं मेलबर्नची कसोटी आठ गडी राखून जिंकली गेली; त्यांत रहाण्यांच्या ११२ धांवा होत्या. जानेवारींत ब्रिस्बेन जिंकून मालिका २-१ अशी हातीं आली. फेब्रुवारींत कोहली परतले, तेव्हां रहाणे निमूटपणें उपकर्णधाराच्या जागीं गेले. पद एकाकडून दुसऱ्याकडे गेलें आणि परतहि आलें. पण त्या देवघेवींत संघानें एकहि माणूस गमावला नाहीं. १९७४ च्या उन्हाळ्यांत वाडेकरांना एवढेंच मिळालें असतें, तर कदाचित् कर्णधारपदावांचूनहि ते आणखी कांहीं वर्षें खेळले असते.